‘रोमन हॉलिडे’मधली ऑड्री हेपबर्न आणि तिचे कपडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑड्रीबद्दल काहीही लिहिलं की तेच तेच प्रश्न परत येतात, त्यातले निम्मे ‘तो काळा ड्रेस’ यावरचे आणि उरलेले ‘सगळे कपडे जिव्हाँशीचेच (पॅरिसचा फॅशन डिझायनर) ना?’ यावरचे. म्हणून सगळे एका जागी घेतलेत. भर आहे ‘रोमन हॉलिडे’वर (१९५३), आणि लगेच नंतरच्या ‘सॅब्रिना’वर (१९५४), कारण खरा घोळ या दोन सिनेमांमध्येच होतो. सिनेमा बघितला नसेल तर आधी बघून या, खाली शेवट सांगून टाकलाय.

१. ‘रोमन हॉलिडे’ हा ऑड्रीचा पहिलाच सिनेमा ना? टायटलमध्ये तर तसंच म्हटलंय.

नाही. टायटलमध्ये तिची ओळख करून देतोय असं म्हटलंय ते अमेरिकन प्रेक्षकांसाठी. त्याआधी तिने बरीच छोटी छोटी कामं केली होती. १९४८ मध्ये हॉलंडमध्ये एका सिनेमात ती विमानातली एअर होस्टेस होती, नंतर लंडनला स्टेजवर कोरसमध्ये नाचायची, मग ब्रिटिश सिनेमांत कधी सिगारेट विकणारी मुलगी तर कधी दोन मिनिटांची पाहुणी. ‘लॅव्हेंडर हिल मॉब’मध्ये (१९५१) ती येते आणि पापणी लवायच्या आत जाते. ‘सीक्रेट पीपल’मध्ये (१९५२) जरा बरा रोल होता, बॅले करणाऱ्या मुलीचा. पण हॉलिवूडचा पहिला मोठा रोल, हिरोइन म्हणून पहिला, तो ‘रोमन हॉलिडे’चाच.

२. मग एवढा मोठा रोल एका नवख्या मुलीला कसा काय मिळाला?

नशीब आणि एक चालू राहिलेला कॅमेरा. १९५१ मध्ये ऑड्री माँटे कार्लोला शूटिंग करत असताना फ्रेंच लेखिका कोलेत हिने तिला हॉटेलात पाहिलं आणि माझ्या गोष्टीतली ‘जीजी’ हीच असं ठरवून टाकलं, म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं ‘जीजी’ नाटक मिळालं. जवळपास त्याच सुमारास दिग्दर्शक विल्यम वायलर ‘रोमन हॉलिडे’च्या हिरोइनसाठी, म्हणजे रोमला आलेल्या राजकन्येच्या रोलसाठी, मुलगी शोधत होता. एलिझाबेथ टेलर, जीन सिमन्स अशी नावं चर्चेत होती पण जमलं नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत ऑड्रीची स्क्रीन टेस्ट झाली, घेतली थॉरल्ड डिकिन्सनने, ज्याने तिच्यासोबत ‘सीक्रेट पीपल’ केला होता. वायलरने सांगून ठेवलं होतं की सीन संपला तरी कॅमेरा बंद करू नका. झालं असं की सीन संपल्यावर ती पलंगावर तशीच मोकळी बसली, हसली, गप्पा मारायला लागली, आणि ते बघून रोल पक्का झाला. सिनेमा काढणाऱ्या पॅरामाउंट स्टुडिओने नाटक संपेपर्यंत वाट पाहिली आणि १९५२च्या उन्हाळ्यात रोममध्ये शूटिंग सुरू झालं.

पोस्टरवर तिचं नाव वर आलं ते सिनेमाचा हिरो ग्रेगरी पेकमुळे. करारानुसार मोठ्या अक्षरात नाव फक्त त्याचं, पण त्यानेच सांगितलं की हिचंही माझ्याबरोबर लावा. हा माणूस मला उगाच आवडत नाही.

३. ‘रोमन हॉलिडे’चे कपडे जिव्हाँशीने केले होते ना?

नाही नाही नाही. ‘रोमन हॉलिडे’च्या वेळी ऑड्री त्याला भेटलीसुद्धा नव्हती. हे कपडे एडिथ हेडचे. एडिथ म्हणजे पॅरामाउंटच्या कपडेपटाची सर्वेसर्वा, मोठा गोल चष्मा, कपाळावर झुलपं, सगळ्या नट्यांना ओळखून असलेली बाई. तिने वेशभूषेसाठी एकूण ८ ऑस्कर घेतले आणि नामांकनं ३५. त्या ८ पैकी एक ‘रोमन हॉलिडे’चं. जिव्हाँशी कुठून आला त्यासाठी प्रश्न ११ बघा.

४. ऑड्री आणि कॅथरीन हेपबर्न बहिणी होत्या का?

काहीही नातं नाही. कॅथरीन ही तेव्हाची आधीच नावाजलेली हॉलिवूड नटी, फक्त आडनाव एक. मात्र या आडनावामुळे पॅरिसमध्ये एक धमाल झाली, तीही प्रश्न ११ मध्येच आहे.

५. अख्ख्या सिनेमात ती एकच स्कर्ट-ब्लाऊज घालून फिरते, त्याला कसलं ऑस्कर देतात?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, आणि विचारणारे बहुतेक वेळा चिडून विचारतात. उत्तर असं की एकच आहे म्हणूनच.

बघा, गोष्ट एका दिवसाची आहे. राजकन्या अ‍ॅन रात्री रोममधल्या आपल्या देशाच्या दूतावासातून पळते तेव्हा अंगावर असतो पूर्ण बाह्यांचा पांढरा ब्लाऊज, गळ्याशी बंद, वर बो बांधलेला, खाली पोटरीपर्यंतचा घेरदार स्कर्ट आणि कमरेला रुंद पट्टा. म्हणजे पळाली तरी मुलगी नीटनेटकी, कॉन्व्हेंटच्या शिक्षिकेसारखी. आता पुढे काय होतं ते बघत जा. जो (म्हणजे पेक) तिला हजार लिरा देतो, ती बाजारात जाते आणि सँडल घेते, पट्ट्या बांधायच्या, साध्या. बूट गेले. मग ट्रेव्ही कारंज्याजवळच्या न्हाव्याकडे जाऊन केस कापते. लांब केस गेले. मग गळ्याचं बटण सुटतं, बो जातो, बाह्या दुमडल्या जातात, आधी जरा, मग कोपराच्या वर, आणि व्हेस्पावर बसेपर्यंत गळ्यात एक पट्ट्यापट्ट्यांचा रुमाल आलेला असतो. नवा कपडा एकही नाही! तोच ब्लाऊज, तोच स्कर्ट, पण सकाळची मुलगी आणि दुपारची मुलगी वेगळी. एकही डायलॉग न म्हणता समजतं की ही बाई मोकळी होत चाललीय.

आणि हे फक्त एडिथचं नाही, ऑड्रीचंही आहे. स्केचेस तिच्यासमोर आली तेव्हा तिने गळे साधे करा, पट्टे रुंद करा असं स्वतः सुचवलं होतं, आणि छातीला पॅड लावायला तिने सरळ नकार दिला. त्या काळी हॉलिवूडमध्ये नवीन मुलीने असं बोलणं म्हणजे धाडसच.

ज्यांना वाटतं वेशभूषेचं बक्षीस म्हणजे सेक्विन आणि पिसं, त्यांनी हा सिनेमा आवाज बंद करून फक्त कपडे बघत एकदा बघावा.

६. सुरुवातीला तर भरजरी गाऊन आहेच की, त्याचं काय?

आहे, आणि तो मुद्दाम जड आहे. दूतावासाच्या समारंभात ती ब्रोकेडचा, किनखाबासारखा भरदार झगा, खांद्यावरून शाही पट्टा, पदकं, डोक्यावर मुकुट असं सगळं घालून उभी असते आणि रांगेने पाहुणे येऊन वाकतात, एक संपला की दुसरा. मग कॅमेरा झग्याच्या आत जातो आणि दिसतं की बाईसाहेबांनी एक बूट काढलाय आणि एका पायाच्या बोटांनी दुसरा पाय खाजवतायत. नंतर बसायच्या वेळी बूट बाहेरच राहतो आणि सगळ्या दरबारासमोर तो लपवायची धडपड. अख्ख्या सिनेमाची गोष्ट त्या एका बुटात आहे असं मला वाटतं. पुढे ती सँडल का घेते तेही इथेच कळतं.

त्याच रात्री ती तिच्यावर देखरेख करणाऱ्या काउंटेसकडे नाइटगाऊनबद्दल कुरकुर करते, मला पायजमा घालायचाय म्हणते. आणि दुसऱ्या दिवशी उठते तेव्हा अंगात असतो जोचा पायजमा. लेखक लोकांनी काय बांधणी केलीय ना!

७. सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट आहे, मग तिच्या स्कर्टचा खरा रंग कोणता?

रंग लावलेले फोटो नेटवर भरपूर फिरतात, कुठे स्कर्ट निळा, कुठे हिरवा, कुठे खाकी, त्यातले बहुतेक नंतर कोणीतरी कॉम्प्युटरवर रंगवलेले. त्यावरून रंग ठरवू नका.

मुळात ब्लॅक अँड व्हाइटसाठी कपडे करणारा माणूस रंगाचा विचार वेगळ्या पद्धतीने करतो. लाल आणि हिरवा पडद्यावर एकाच राखाडी छटेचे दिसू शकतात, म्हणून बघायचं ते उजेड-अंधार आणि कापडाचा पोत. ब्लाऊज पांढरा आहे म्हणून उन्हात चेहरा उजळतो, स्कर्ट त्याहून गडद म्हणून कंबर दिसते, रुमाल पट्ट्यांचा म्हणून लांबच्या शॉटमध्येही नजर मानेवर जाते. एडिथचा तो गडद चष्मा याच कामाचा होता, त्यातून बघितलं की रंग निघून छटा कळायच्या, असं सांगतात.

आणि हो, तेव्हा वेशभूषेचं ऑस्कर ब्लॅक अँड व्हाइटला वेगळं आणि रंगीत सिनेमाला वेगळं दिलं जायचं. १९५३च्या सिनेमांसाठीच्या समारंभात (मार्च १९५४) एडिथला ब्लॅक अँड व्हाइटचं मिळालं आणि त्याच रात्री ऑड्रीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं.

८. साधना कट ऑड्रीवरून आला हे खरं का?

खरं. ‘लव्ह इन सिमला’च्या (१९६०) वेळी साधनाचं कपाळ मोठं दिसतंय म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्रीसारखी कपाळावर केसांची झालर करायला लावली आणि मग अख्ख्या देशात न्हावी आणि पार्लरवाल्यांना तेच काम. मुंबईत, पुण्यात, नागपुरात, ज्या मुलींनी ऑड्रीचं नावही ऐकलं नव्हतं त्यासुद्धा आरशासमोर कात्री घेऊन बसल्या. तुमच्या आई-मावशीचे जुने फोटो काढा, सापडेल.

९. ती एवढी बारीक कशी? डाएट काय करायची?

डाएटचा प्रश्न मला दर वेळी खटकतो म्हणून जरा सविस्तर. ऑड्रीचा जन्म ४ मे १९२९ चा, ब्रसेल्समधला, आई डच सरदार घराण्यातली. दुसऱ्या महायुद्धात मायलेकी हॉलंडमध्ये आर्नहेमला होत्या, आणि १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे भयंकर उपासमार झाली, लोकांनी ट्युलिपचे कांदे खाल्ले. ऑड्री तेव्हा १५ वर्षांची. कुपोषण, अशक्तपणा, पायांना सूज, सगळं झालं. पुढे लंडनमध्ये मारी रँबेर यांच्या बॅले शाळेत गेली तर तिथेही कळलं की उंची जास्त आणि अंगात हवी तेवढी ताकद नाही, मुख्य नर्तकी होणं अवघड. म्हणजे ती २० इंची कंबर ही कुठल्या चार्टची कमाई नाही. नाचाची मेहनत होतीच, पण मागे भूकही होती. तिचा फोटो फ्रिजवर लावून जेवण सोडणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

कपड्यांच्या बाजूने बघितलं तर एडिथने या अंगकाठीचं भांडवल केलं, मान लांब तर बंद गळा आणि रुमाल, कंबर बारीक तर रुंद पट्टा आणि खाली घेर. हा घेर १९४७ मध्ये पॅरिसच्या डिओर या डिझायनरने आणलेल्या फॅशनचा, तेव्हा सगळीकडे तोच चालू होता.

१०. शेवटच्या पत्रकार परिषदेत ती परत राजकन्येच्या कपड्यात असते, मग प्रश्न ५ मधलं सगळं वाया नाही का गेलं?

नाही गेलं. शेवटी तिच्या अंगावर फिक्या रंगाचा लेसचा ड्रेस, छोटी टोपी, हातमोजे, मोती, सगळं शिस्तीत. पण केस बघा. केस कापलेलेच आहेत, ते एका रात्रीत वाढत नाहीत. दरबारातल्या प्रत्येकाला, पत्रकारांना, सगळ्यांना ते दिसतायत आणि कोणी काही बोलू शकत नाही. कपडे परत घातले, केस परत लावता आले नाहीत. आणि पहिल्या समारंभातल्या गाऊनशी तुलना केली तर हा ड्रेस हलका आहे, मुकुट नाही, पदकं नाहीत. मधे एक सीन आहे, ती रात्री परत येते आणि दूध-बिस्किटं नको म्हणते, तिथेही गडद गाऊन आहे, आधीच्या लहान मुलीसारख्या नाइटगाऊनच्या अगदी उलट. म्हणजे परत आली ती दुसरीच बाई.

हा शेवटचा सीन रोमच्या पलाझ्झो कोलोन्नामध्ये शूट झालाय, बघायला जाता येतं.

११. मग जिव्हाँशी नक्की कधी आला?

‘सॅब्रिना’च्या वेळी, १९५३च्या उन्हाळ्यात. गोष्ट अशी की सॅब्रिना ही ड्रायव्हरची मुलगी पॅरिसला जाते आणि एकदम फॅशनेबल होऊन परत येते, तर मग ते कपडे खरेच पॅरिसचे हवेत असं ठरलं आणि ऑड्रीला पॅरिसला पाठवलं. आधी बालेन्सियागा या डिझायनरचा विचार होता पण तो कामात बुडालेला. मग ह्युबर्ट द जिव्हाँशी, वय २६, स्वतःचं दुकान काढून दीडेक वर्षच झालेलं. त्याला निरोप गेला की मिस हेपबर्न येतायत. तो समजला कॅथरीन! दार उघडलं तर समोर ही, चौकड्याची तोकडी पँट, पोटाशी गाठ मारलेला टी-शर्ट, पायात सपाट चपला आणि डोक्यावर व्हेनिसच्या नावेवाल्यांची गवती टोपी. तो नवीन कलेक्शनमध्ये गुंतला होता, म्हणाला नवीन काही शिवून द्यायला वेळ नाही, जुन्या कलेक्शनमधलं बघ. तिने त्यातलंच निवडलं: राखाडी सूट (स्टेशनवर उभी असते तो), कशिदा केलेला पांढरा ऑर्गंडीचा (पातळ, कडक सुती कापडाचा) पार्टी गाऊन, आणि काळा कॉकटेल ड्रेस. तिथून पुढे ४० वर्षांची दोस्ती.

१२. मग ‘सॅब्रिना’चं वेशभूषेचं ऑस्कर जिव्हाँशीला मिळालं असेल ना?

इथेच गोची आहे. ते मिळालं एडिथ हेडला, एकटीला. सिनेमाच्या टायटलमध्ये जिव्हाँशीचं नावच नाही.

एडिथची बाजूही घेते जरा. पॅरिसला जायच्या आधीची सॅब्रिना, साधी, पोनीटेलवाली, झाडावर चढून पार्टी बघणारी, ती पूर्ण एडिथची आहे, आणि ऑफिसमध्ये येते तेव्हाचे काळी तोकडी पँट आणि काळा टॉप तेही तिचेच. स्टुडिओची पद्धतच अशी होती की कपडेपटाच्या प्रमुखाचं नाव लागायचं, खाली कोणी का शिवेना. पण लोकांना जे तीन कपडे आठवतात ते जिव्हाँशीचे आणि स्टेजवर गेली एडिथ, आणि तिने त्याचं नाव काढलं नाही. हे मला पटत नाही, पद्धत असो वा नसो. नंतर ‘फनी फेस’साठी (१९५७) दोघांना एकत्र नामांकन मिळालं, म्हणजे तिथे तरी त्याचं नाव लागलं.

१३. बोट नेक म्हणजे तोच का ‘सॅब्रिना’ गळा?

जवळपास तोच. त्या काळ्या ड्रेसचा गळा एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत आडवा सरळ जातो आणि खांद्यावर छोटे बो आहेत. ऑड्रीच्या गळ्याच्या हाडांपाशी खळगे दिसायचे, ते या गळ्यात झाकले जातात आणि मान मात्र मोकळी राहते, म्हणून तो तिला एवढा शोभला. जिव्हाँशीने मग त्याला सॅब्रिनाचंच नाव दिलं. आज आपल्याकडे कुठल्याही टेलरला बोट नेक ब्लाऊज म्हटलं की तो काय करतो ते बघा, तोच वंश आहे.

काहीजण विचारतात की तो ड्रेस पॅरिसला शिवला की एडिथच्या कपडेपटात स्केचवरून शिवला. यावर दोन्ही बाजूंनी दावे झालेत. डिझाइन जिव्हाँशीचं, एवढं धरून चाला.

१४. कोटीत लिलाव झालेला काळा ड्रेस हाच का?

नाही. तो ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’चा (१९६१), लांब, बिनबाह्यांचा, तोही जिव्हाँशीचाच. २००६ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात तो ४,६७,२०० पौंडांना गेला. आणि पैसे कुठे गेले माहितीय? आपल्याकडे, फ्रेंच लेखक डॉमिनिक लापिएर यांच्या संस्थेला, कोलकात्याच्या गरिबांसाठी. ‘सॅब्रिना’चा काळा ड्रेस आखूड आणि खांद्यावर बो, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होणार नाही.

१५. हिंदीत ‘सॅब्रिना’ झालाय का? आणि मराठीत ऑड्रीचं काही?

‘ये दिल्लगी’ (१९९४) बघा, काजोल, अक्षय, सैफ, गोष्ट सरळ ‘सॅब्रिना’ची. मराठीत थेट नाही, पण ऑड्रीने ‘माय फेअर लेडी’त (१९६४) जी एलायझा केली ती ज्या शॉच्या नाटकातून आली त्याच नाटकावरून पुलंनी ‘ती फुलराणी’ लिहिलं आणि भक्ती बर्वेंनी गाजवलं. कपड्यांवरून बाई बदलते ही गोष्ट ऑड्रीच्या मागेच लागलेली दिसते.

१६. मला तसाच स्कर्ट-ब्लाऊज शिवून घ्यायचाय, टेलरला काय सांगू?

फोटो दाखवा, पण फक्त फोटो देऊन येऊ नका, नाहीतर फ्रॉक मिळेल. स्कर्टला अंब्रेला कट सांगा, लांबी गुडघ्याच्या बरीच खाली, पोटरीच्या मध्यावर. कंबर २८ आणि लांबी ३० इंच धरली तर ४४ पन्ह्याचं कापड साडेतीन ते चार मीटर लागतं, कमी घेतलंत तर टेलर घेर मारतो आणि सगळी मजा जाते. कापड जरा अंग धरणारं हवं, जाडसर पॉपलिन चालेल, जॉर्जेट नको, ते लोंबतं. आत कॅनकॅन लावायचा मोह आवरा, सिनेमातला स्कर्ट चालताना हलतो, फुगून उभा राहत नाही. पट्टा वेगळा घ्या, किमान दोन इंच रुंद.

ब्लाऊजला बाह्या पूर्णच ठेवायला सांगा, मनगटाला कफ. अर्ध्या बाहीचा शिवला तर दुमडणार काय? कापड मऊ सुती घ्या, दुमडलेली घडी बसली पाहिजे आणि दोन तासांनी खाली घसरली नाही पाहिजे. रुमाल पट्ट्यांचा, लहान चौकोनी, गाठ समोर नको, जरा बाजूला. बाकी उन्हात फिरायला जाणार असाल तर सँडल आधी घरात घालून मोडून घ्या, नव्या पट्ट्या फार लागतात.